कातकरी बोली : नोंद आणि जतन

कुरवंडे घाटाच्या माथ्यावर मावळात आणि पायथ्याशी खालापूर तालुक्यात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. त्यांच्या बोलीची गणना ग्रिअर्सन यांनी १९०५ च्या खंडात मराठीच्या पोटभाषांत केली. गणेश देवी यांच्या प्रेरणेने झालेल्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने (संपादक अरुण जाखडे, २०१३) आदिवासी भाषांना स्वतंत्र स्थान दिले, हे त्याचे श्रेय होय. तथापि गाणी, कथा व शब्दसंग्रह यांनी बोली नोंदली जाते. ती बोलती राहतेच असे नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पाचवीपर्यंत शक्यतो मातृभाषेतून शिक्षण सुचविते. परंतु कातकरी मुलाची मातृभाषा मराठीच मानली, तर त्याची बोली वर्गात 'अशुद्ध मराठी' ठरते. म्हणून पुनरुज्जीवनाचा आरंभ कोशापासून नव्हे, या वर्गीकरणाच्या फेरविचारापासून व्हावयास हवा.