मॉन्टीची लेक

लेकीनं दिली म्हणून लिझ टॉमफोर्डची 'कॉट अप' (2023) वाचली. नायकाचं नाव काय? 'काय'च! शिकागोचा बेसबॉलपटू, पदरात चिमुकला मॅक्स. त्याला सांभाळायला येते प्रशिक्षक मॉन्टीची लेक मिलर. दोघांचं जमणार हे दिसतंच. ती पानं मी भराभर उलटली. मॅक्सच्या आईला लेखिकेनं फारच झटकन बाजूला सारलंय, ते खटकलं.

अडले ते मॉन्टीपाशी. आई गेलेल्या छोट्या मिलरला त्यानं, रक्ताचं नातं नसताना, आपला खेळ सोडून वाढवलं. तो बोलून दाखवत नाही. तरी तिच्या मनावर त्याचं ओझं आहेच. हे हसतखेळत, पण नेमकं आलंय.

मी तर 'तुझ्यापायी नोकरी सोडली' हे दर भांडणात ऐकवलंय. पुस्तक परत देताना "छान आहे गं" एवढंच म्हणाले.