भाकरीचा जमाखर्च

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयी लिहिणारे बहुधा धर्मांतराच्या प्रश्नापासून आरंभ करतात आणि भाषेच्या प्रश्नाशी येऊन थांबतात. परंतु हे वाङ्मय ज्यांनी निर्माण केले त्यांच्या घरची चूल कशाच्या आधारावर पेटत होती, आणि त्या आधाराचा त्यांच्या लेखणीवर काय परिणाम झाला, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वास्तविक हा प्रश्न या वाङ्मयाच्या गाभ्याशी निगडित आहे. ज्या धर्माच्या मुख्य प्रार्थनेत केवळ आजच्या दिवसापुरती भाकर मागण्याची शिकवण आहे, आणि ज्याच्या जुन्या करारात रानात पडलेला मान्ना दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला असता त्यात किडे पडल्याची हकीकत आहे, त्या धर्माच्या लेखकाने आपल्या निर्वाहाची चिंता कोणाच्या हवाली केली, हे जसे त्याच्या श्रद्धेचे माप आहे तसेच, माझ्या मते, ते त्याच्या लेखनाच्या प्रामाणिकपणाचेही माप आहे. परमेश्वराच्या तरतुदीवरील विश्वास या विषयावर आपल्याकडे विपुल लिहिले गेले. पण जे टिकले ते थोडे, आणि ते का टिकले याचा विचार आजच्या लेखकाला उपयोगी पडेल असे वाटते.

प्रारंभीच्या लेखकांपाशी हा प्रश्न तितकासा तीव्र नव्हता. १५७९ साली गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे सभासद; दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या माणसाच्या अन्नवस्त्राची जबाबदारी संघाची असल्यामुळे ‘क्रिस्तपुराण’ लिहिताना त्यांना उद्याची विवंचना करण्याचे कारण नव्हते. त्यांची निराळीच परीक्षा झाली, आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर झाली. १६१६ साली राशोल येथे छापलेला तो ग्रंथ १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापला गेला. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले. आणि त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. तरीही हा ग्रंथ लोप पावला नाही, कारण गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो हस्तलिखितांत जतन केला आणि उपवासकाळात घराघरांतून वाचला, आणि त्याच परंपरेच्या आधाराने १९०७ साली मंगळूरहून तो पुन्हा प्रसिद्ध होऊ शकला. लेखकाला आपल्या अन्नाची व्यवस्था कदाचित करता येईल. आपल्या ग्रंथाच्या भवितव्याची व्यवस्था मात्र त्याच्या हातची नसते, आणि ख्रिस्ती लेखकाचा विश्वास जेथे खऱ्या अर्थाने पणास लागतो ते ठिकाण बहुधा हेच असावे.

एकोणिसाव्या शतकातील बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांची स्थिती मिशनच्या आणि पुस्तकसंस्थांच्या आश्रयाखालील लेखकाची होती. त्यांनी पगार घेतला म्हणून त्यांच्या निष्ठेस उणेपणा येतो असे समजणे अन्यायाचे होईल. करिंथ येथे तंबू शिवून पोट भरणारा पौल आणि फिलिप्पै येथील मंडळीने पाठवलेली मदत स्वीकारणारा पौल हे एकच गृहस्थ होत. परंतु आश्रय देणारी संस्था ग्रंथकाराला कागद आणि छापखाना पुरवते त्याबरोबर ग्रंथाचा हेतूही नकळत आखून देते, आणि ‘यमुनापर्यटना’त (१८५७) हिंदू विधवेच्या दुःस्थितीचे जे करुण व निर्भीड दर्शन बाबांनी घडवले आहे त्याचा ओघ अखेरीस उपदेशाच्या ठरीव पात्रात वळतो, तेव्हा त्या आखणीची जाणीव वाचकाला झाल्यावाचून राहत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यापाशी आल्यावर मात्र हा विषय निराळ्या पातळीवर जातो. नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्यासारख्या धनिकाचा आश्रय त्यांनी तरुणपणी अनुभवला होता. १८९५ सालच्या बाप्तिस्म्यानंतर अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत त्यांनी अध्यापन, उपदेश आणि काव्यरचना केली. आणि १९१७ साली, ज्या वयात मनुष्य निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतो त्या वयात, त्यांनी मिशनची नोकरी व तनखा सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा स्थापन केला. हा निर्णय परदेशी मिशनऱ्यांवरील रोषाचा नव्हता. त्यांतील कित्येकांवर त्यांचा अकृत्रिम लोभ होता. मिशनच्या वेतनावर जगणाऱ्या देशी ख्रिस्ती माणसाच्या मुखातून ख्रिस्ताचे नाव निघाले की ऐकणाऱ्याला त्या नावामागे पगाराचा आकडा दिसतो, आणि बोलणाऱ्यालाही आपला शब्द पूर्णपणे आपला वाटत नाही, ही त्यांची व्यथा होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे सांगणाऱ्या या कवीने घराण्याच्या सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवणाऱ्या तुकोबांची परंपरा येथे अक्षरशः चालवली. त्यांच्या अभंगांत आणि आजही ‘उपासना संगीता’तून प्रार्थनामंदिरांत गायिल्या जाणाऱ्या पदांत जी मोकळीक आहे, जे लडिवाळ मागणे आणि हक्काचे रुसणे आहे, ते नोकराने धन्यापाशी केलेल्या अर्जासारखे मुळीच वाटत नाही. देवाच्या पुरवठ्यावर विसंबल्याने लेखकाला धान्य मिळते की नाही हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी त्याला स्वतःचा स्वर मिळतो, ही गोष्ट टिळकांच्या काव्याने निर्विवादपणे सिद्ध केली आहे.

परंतु तुकोबांच्या घरी जिजाई होती. खतपत्रे बुडाल्यावर मुलांच्या पानावर काय वाढावे याची पंचाईत जिला पडली, तिची बाजू आपल्याला कीर्तनकारांच्या तोंडून, तीही बहुधा कजाग बायकोच्या सोंगात, ऐकायला मिळते. तिने स्वतः काही लिहून ठेवले नाही. टिळकांच्या घरच्या जिजाईने लिहून ठेवले, आणि मराठी भाषेचे हे भाग्य थोर म्हटले पाहिजे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेचा गौरव तिच्या विनोदासाठी, तिच्या घरगुती बोलीसाठी आणि एका कर्मठ घरातील स्त्रीच्या आंतरिक परिवर्तनाच्या कथनासाठी वारंवार झाला आहे. तो सर्वस्वी यथार्थ आहे. मला मात्र तो ग्रंथ परमेश्वराच्या तरतुदीवरील मराठीतला सर्वांत खरा ग्रंथ वाटतो, आणि त्याचे कारण असे की त्यात तरतुदीच्या जमेइतकाच तिचा खर्चही मांडलेला आहे. हाती आलेला पैसा पुढच्या गरजवंताच्या हाती देऊन मोकळे होणारा, न सांगता घरातून निघून जाणारा, आणि रस्त्यावरून कोणालाही जेवायला घेऊन येणारा नवरा, आणि त्याच्या प्रत्येक उदार उद्गाराचे रूपांतर पिठात, डाळीत व सरपणात करून दाखवण्याची जबाबदारी जिच्यावर आली ती बायको: या दोघांच्या संसारात देव पुरवतो हे वाक्य कधीच सोपे नव्हते. पतीच्या धर्मांतरानंतरची वर्षे लक्ष्मीबाईंनी पंढरपूरसारख्या ठिकाणी नातलगांच्या आधाराने काढली. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. प्लेगच्या दिवसांत त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. परक्यांची मुले आपली म्हणून वाढवली. या सर्वांत त्यांनी आपली भीती, आपला संताप आणि आपली फजिती लपवलेली नाही, आणि नवऱ्याच्या विश्वासाचे मोल कोणी चुकते केले हे कोणताही आरोप न करता वाचकाला कळू दिले आहे.

याच घरात बालकवी ठोमरे येऊन राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले, हे साहित्याच्या इतिहासात एका ओळीत सांगून सोडून देण्याची आपल्याला सवय झाली आहे. ज्या घराच्या उत्पन्नाची शाश्वती नव्हती त्या घराने मराठीतील एका श्रेष्ठ निसर्गकवीला जेऊ घातले. येथे पुरवठा आकाशातून पडला नाही, तो एका थकलेल्या स्त्रीच्या हातून ताटात पडला. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ सुमारे दहा अध्यायांवर थांबले असता पुढील साठांहून अधिक अध्याय, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी रचले, आणि दोघांच्याही पश्चात १९३८ साली त्यांच्या पुत्राने ते महाकाव्य प्रसिद्ध केले, याचाही विचार याच संदर्भात व्हावा.

पंडिता रमाबाईंचा मार्ग याहून निराळा. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या साहाय्याचे जे अभिवचन दिले होते त्याची मुदत १८९८ साली सरली. त्याच सुमारास दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्तिसदनात होत्या, आणि ब्रिस्टलच्या अनाथालयाचा संस्थापक जॉर्ज म्युलर याचे चरित्र रमाबाईंच्या वाचनात होते. या म्युलरने गद्याचा एक विशिष्ट प्रकार रूढ केला: तारीख, गरज, प्रार्थना, आणि मग आलेली रक्कम, अशी जणू देवाच्या घरची रोजकीर्द. त्याची निष्ठा संशयातीत आहे. पण गरज कोणाला सांगायची नाही हा त्याचा नेम आणि त्याच गरजांची छापील वृत्ते दरवर्षी दात्यांच्या हाती जाणे, या दोहोंत एक ताण आहे, आणि पुढे अनुकरण करणाऱ्यांच्या हाती तो ताण सुटून केवळ साचा उरला. रमाबाईंच्या इंग्रजी निवेदनांवर त्या साच्याची छाया आहे. परंतु त्यांच्या विश्वासाचे वाङ्मयीन प्रमाण त्या निवेदनांत शोधू नये, ते त्यांच्या बायबलच्या भाषांतरात शोधावे. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, अशिक्षित बायकांना कळेल अशा मराठीत, कोणत्याही बायबल सोसायटीच्या मागणीवाचून त्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. ते मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी जुळवले आणि छापले. आणि १९२२ साली रमाबाईंचे निधन झाल्यावर १९२४ साली संपूर्ण ग्रंथ बाहेर आला. त्याची मराठी मुळाशी इमान राखण्याच्या आग्रहाने जागोजाग ताठरते, हे मान्य केले पाहिजे. तरी ज्याला बाजार नाही, आश्रयदाता नाही, आणि ज्याचा वाचक अजून वाचायला शिकायचा आहे, असा ग्रंथ हाती घेण्याचे धैर्य ज्या विश्वासातून येते, त्याची बरोबरी आपल्या भाषेत फार थोड्यांना करता येईल.

या पार्श्वभूमीवर आजची स्थिती पाहिली म्हणजे मन उदास होते. नियतकालिकांची परंपरा थोर आहे खरी; ‘ज्ञानोदय’ १८४२ साली अहमदनगरास निघाला, ‘निरोप्या’ १९०३ साली हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी सुरू केला, आणि वसईच्या ‘सुवार्ता’ने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादनाखाली ख्रिस्तीतर वाचकांपर्यंतही मजल मारली. दिब्रिटो यांचा उल्लेख येथे मुद्दाम करावासा वाटतो, कारण वसईची हिरवी भूमी वाचवण्याच्या चळवळीत अग्रभागी राहून लिहिणाऱ्या या लेखकाला पैशापेक्षा अभयाची तरतूद अधिक हवी होती, आणि ती त्याला मिळाली हे त्याच्या वाक्यांवरून कळते. २०२० साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तो मान एका ख्रिस्ती धर्मगुरूचा होता, तसाच एका निर्भय गद्याचाही होता.

परंतु अशा अपवादांखेरीज जे सामान्य लेखन प्रसिद्ध होते त्यातील ‘साक्ष’, म्हणजे देवाने गरज भागवल्याचे निवेदन, हा प्रकार आता बहुतांशी कवायतीसारखा झाला आहे. संकट दोन ओळींत संपते, प्रार्थना एका ओळीत, आणि उत्तराच्या वर्णनाला पान पुरत नाही. मुलांच्या शाळेच्या फीची रक्कम रुपयांत सांगितली जाते, पण ती नसताना घरात कोण कोणाशी काय बोलले हे सांगितले जात नाही. ज्या शेजाऱ्याने, भावाने किंवा मालकिणीने ते पैसे आणून दिले त्यांचे नावगाव देवाच्या नावाखाली झाकून जाते, आणि जिची प्रार्थना ऐकली गेली नाही तिला लिहिण्याचे आमंत्रणच नसते. समृद्धीला आशीर्वादाचा पुरावा मानणाऱ्या उपदेशांनी हा दोष वाढवला आहे. दुष्काळात शेवटच्या पिठाची भाकर संदेष्ट्याला देणाऱ्या, जुन्या करारातील सारफथच्या विधवेची कथा अशा लेखांत वारंवार येते. परंतु त्या कथेत कोठार भरून गेल्याचा उल्लेख कोठेही नाही. मडक्यातले पीठ संपले नाही, कुपीतले तेल आटले नाही, इतकेच तेथे आहे. दर दिवशी तळाशी हात घालावा लागत होता, आणि दर दिवशी तळाशी थोडेसे सापडत होते. हा तळ ज्या लेखात दिसत नाही तो लेख कितीही भक्तिपूर्ण असला तरी मला त्यावर विश्वास ठेवणे कठीण जाते.

लेखकाच्या निर्वाहाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. मराठी ख्रिस्ती लेखक आज शिक्षक, धर्मगुरू, कारकून किंवा सेवानिवृत्त गृहस्थ असतो. पुस्तक पदरमोड करून काढतो, प्रार्थनामंदिराच्या सभागृहात त्याचे प्रकाशन होते, आणि उरलेल्या प्रती पलंगाखाली राहतात. तो देवावर भरवसा ठेवतो, हे त्याला शोभते. पण मंडळीने त्या भरवशाचा आधार घेऊन त्याचे मानधन चुकवावे, हे मंडळीला शोभत नाही. फिलिप्पैची मंडळी मोठी किंवा श्रीमंत होती असे कोठे दिसत नाही, तरी तिने एकदा नव्हे तर अनेकदा मदत पाठवली, आणि पौलाची जी पत्रे आज आपण वाचतो त्यांतील एक त्या मदतीच्या पोचपावतीदाखल आहे. धर्मप्रांतांनी आणि मंडळ्यांनी वर्षाच्या अंदाजपत्रकात मंडप, रोषणाई आणि ध्वनिक्षेपक यांच्या शेजारी एका पुस्तकाची तजवीज करणे अशक्य नाही.

आणि नियतकालिकांच्या संपादकांपाशी एक मागणे आहे. नगर, जालना, सोलापूर या जिल्ह्यांतून, कोकणातून आणि वसईच्या पट्ट्यातून पास्टर, सुवार्तिक आणि खेडोपाडीचे धर्मशिक्षक यांच्या घरांनी तुटपुंज्या पगारावर दोन-तीन पिढ्या काढल्या. त्या घरांतील बायका आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि कोणत्या महिन्यात काय गहाण पडले, कोणत्या दुकानदाराने उधार थांबवली, कोणत्या शेजारणीने मध्यान्ही पायलीभर जोंधळे आणून ठेवले आणि कोणत्या वेळी कोणीच आले नाही, हे त्यांना अजून मुखोद्गत आहे. त्यांच्याकडे कोणी वही घेऊन गेलेले नाही. संपादकांनी आपल्या तरुण वार्ताहरांना उत्सवांच्या वृत्तांतावरून काही महिने सोडवावे, त्यांना या घरांत पाठवावे, आणि त्या बायका जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत, देणाऱ्यांच्या नावांसकट, न आलेल्या उत्तरांसकट, काटछाट न करता छापावे.