उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर आणि मराठी वाचक : ‘तत्त्वमसि’च्या निमित्ताने

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे मराठी तत्त्वचिंतनपर वाङ्मयाचे एक प्राचीन केंद्र होय. ‘विवेकसिंधू’कार मुकुंदराजांची समाधी येथे दाखविली जाते. ग्रंथाचा रचनाकाल परंपरेने शके १११० (इ. स. ११८८) मानला जातो, काळ व स्थळ यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे दासोपंतांनी (१५५१–१६१५) याच नगरीत गीतेवर ‘गीतार्णव’ ही प्रचंड टीका रचली. संस्कृत न जाणणाऱ्या वाचकासाठी ग्रंथप्रवेशाचे द्वार अशा रीतीने मराठी टीका हेच होते. आज उपनिषदांकडे वळणाऱ्या जिज्ञासूच्या हाती मात्र पुष्कळदा इंग्रजी भाषांतर येते. या बदलाने काय साधले व काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात एका महावाक्याच्या आधारे केला आहे.

विवेचन :
मॅक्स म्यूलर यांनी १८७९ मध्ये छांदोग्य उपनिषदाचे, तर रॉबर्ट ह्यूम यांनी १९२१ मध्ये तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. या भाषांतरांत ‘तत्त्वमसि’चा अर्थ ‘ते तू आहेस’ असाच येतो. पॅट्रिक ऑलिव्हेल यांच्या १९९६ च्या भाषांतरात मात्र त्याचा आशय ‘तू तसा आहेस’ असा होतो. यामागे जोएल ब्रेरेटन यांचा १९८६ चा लेख आहे.

छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला हा उपदेश नऊ वेळा करतो. त्या पालुपदात सत्याचा निर्देश नपुंसकलिंगी सर्वनामाने, आत्म्याचा पुल्लिंगी सर्वनामाने होतो. ‘तू’ म्हणजे श्वेतकेतू. तेव्हा त्याचे कशाशी ऐक्य सांगायचे असते तर प्राचीन गद्याच्या प्रथेप्रमाणे येथेही पुल्लिंगी रूप अपेक्षित होते. प्रत्यक्षात ‘तत्’ नपुंसकलिंगी आहे. म्हणून ते ‘त्या प्रकारे’ या अर्थाचे अव्यय मानावे, असे ब्रेरेटन यांचे प्रतिपादन आहे. वटवृक्ष ज्या सूक्ष्म तत्त्वामुळे अस्तित्वात आहे, त्याच रीतीने श्वेतकेतूही आहे.

येथे इंग्रजीची मर्यादा उघड होते. त्या भाषेतील दर्शक सर्वनामाला लिंगभेद नाही. त्यामुळे सत्य, आत्मा आणि ‘तू’ यांपुढील तिन्ही निर्देश एकाच शब्दात विरघळतात. ज्या पुराव्यावर नवा अर्थ उभा आहे, तो पुरावाच भाषांतराच्या वाचकाला दिसत नाही. त्यासाठी टीपांकडे जावे लागते. मराठीत तो/ती/ते हा भेद जिवंत आहे. ‘ते तू आहेस’, ‘तो तू आहेस’ आणि ‘तसा तू आहेस’ ही तीन वाक्ये शेजारी ठेवली, तर वादाचे मर्म संस्कृत न शिकलेल्या मराठी वाचकालाही कळते.

याचा अर्थ परंपरा निर्दोष व नवे संशोधन अनाठायी, असा नव्हे. शंकराचार्यांनी या वाक्यातून अद्वैत काढले. मध्वाचार्यांनी ‘अतत्’ असा पदच्छेद करून भेद सिद्ध केला. ‘विवेकसिंधू’ अद्वैताच्या मार्गाने जातो. म्हणजे परंपरेतही अर्थ एकच नव्हता. फरक असा की, टीकाकार आपला संप्रदाय उघडपणे सांगतो. आधुनिक भाषांतर ‘मूळ काळातील अर्थ’ म्हणून समोर येते आणि त्यामागील भूमिका वाचकाच्या लक्षात येत नाही. उलट, ऐतिहासिक व्याकरणाच्या कसोटीवर टीकेतील गृहीतके तपासण्याचे धाडस याच भाषांतरांनी दिले, हेही मान्य केले पाहिजे. शिवाय पालुपदातील आत्म्याचा निर्देश शिल्लक राहतोच. त्यामुळे एका वाक्याचा अर्थ बदलल्याने अद्वैताचा सारा आधार नाहीसा होत नाही.

निष्कर्ष :
१) इंग्रजी भाषांतर हे मूळ ग्रंथाचे स्थान घेऊ शकत नाही, तेही एक भाष्यच आहे.
२) मूळ संस्कृतातील लिंगभेदासारखे सूक्ष्म व्याकरणिक भेद टिपण्यास मराठी इंग्रजीहून अधिक समर्थ आहे.
३) आधुनिक भाषांतर व मराठी टीका यांचे एकत्र वाचन अभ्यासक्रमात व्हावे.

ज्या भूमीत वेदान्त मराठीत बोलू लागला असे परंपरा मानते, तेथील विद्यार्थ्याने त्याचा परिचय केवळ परभाषेतून करून घ्यावा, ही उणीव भाषांतरकारांची नाही. ती आपल्या अध्यापनाची आहे.