‘वन्स मोअर’ मागायचा कुणी?

आज पुनरावृत्तीवर बोलताना एक अल्बम समोर ठेवू या. हरिहरन आणि लेस्ली लुईस, म्हणजेच ‘कलोनियल कझिन्स’, यांचा 2012 सालचा ‘वन्स मोअर’. त्याआधीचा ‘आत्मा’ 2001चा. मधल्या काळात दोघांनी ‘मोधी विलैयाडु’ या तमिळ चित्रपटाला संगीत दिलं, पण स्वतःचा असा अल्बम 11 वर्षं आला नाही.

आता नाव पाहा. मुलुंडच्या कालिदासमध्ये नाहीतर बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात बसणाऱ्या आपल्याला ‘वन्स मोअर’ म्हणजे काय, हे सांगायला नको. तो प्रेक्षक मागतात आणि गायकनट पद पुन्हा घेतो. पण जाणता गायक ते तसंच्या तसं गात नाही, एखादी जागा नवी घेतो. किर्केगार्डने 1843 साली ‘पुनरावृत्ती’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातला माणूस जुना आनंद शोधत पुन्हा बर्लिनला जातो आणि हात हलवत परत येतो. कारण त्याला सगळं जसंच्या तसं हवं असतं.

1996च्या पहिल्या अल्बममध्ये ‘कृष्णा नी बेगने’ ही व्यासतीर्थांची कन्नड रचना इंग्रजी ओळींच्या शेजारी येऊन बसली, तेव्हा आपण दचकलो होतो. 2012 साली कोण दचकणार? आदल्याच वर्षी टीव्हीवर आपल्याकडच्या ‘कोक स्टुडिओ’चा पहिला मोसम खुद्द लेस्लींनी घडवला होता. म्हणजे स्पर्धा स्वतःच लावलेल्या झाडाशी! ‘वन्स मोअर’ नीटनेटका आहे. हरिहरन यांचा आवाज किती मुरला आहे, हे ‘जोगवा’तलं ‘जीव रंगला’ ऐकलेल्यांना ठाऊकच आहे. पण दोन आवाजांमधली जुनी ओढाताण आम्हाला इथे कमी जाणवते. दोघं एकमेकांना फार सांभाळून घेतात.

अमेरिकेतली ‘स्टीली डॅन’ ही रॉक जोडी 20 वर्षांनी, 2000 साली, ‘टू अगेन्स्ट नेचर’ घेऊन परतली. त्या अल्बमला ग्रॅमीही मिळालं. त्या गाण्यांतले पुरुष उतारवयाकडे झुकलेले, जरा ओशाळवाणेच आहेत. मधली वर्षं त्या जोडीने गाण्यात येऊ दिली. ‘वन्स मोअर’मध्ये आम्हाला तेच हवं होतं.

पण खरंच हवं होतं का? सत्तावन्न वर्षांच्या हरिहरनकडे आपण 1996 तर मागत नव्हतो ना? कलावंत परत येतो तेव्हा त्याच्याबरोबर आपलीही परीक्षा असते. जुनी कॅसेट घरात आहेच. नव्या अल्बमकडे नवं काही मागायची तयारी आपली हवी. यावर तुमचं म्हणणं प्रश्नोत्तरांत ऐकू या.