तीन मिनिटांची बाई

पुण्यात हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे. कॉलेजात असताना तिथे मी कितीतरी प्रयोग पाहिले, दोनदा बॅकस्टेजही केलं. ‘भोळेला भेटू’ असं आम्ही एकमेकांना मेसेज करायचो. या भोळे कोण, असा प्रश्न मला कधी पडला नाही. एका रात्री बसमध्ये हेडफोनवर ‘बोला अमृत बोला’ आपोआप लागलं. खाली गायिकेचं नाव होतं, आणि मला स्वतःची जरा लाजच वाटली.

ते गाणं ‘कुलवधू’ नाटकातलं. वर्ष १९४२, नाटककार मो. ग. रांगणेकर, संगीत मास्टर कृष्णरावांचं. तेव्हापासून मी ज्योत्स्नाबाईंना बरंच ऐकलं आणि त्यांच्याबद्दल बरंच वाचलं. वाचताना एक शब्द सारखा आडवा येतो : ‘सोज्ज्वळ’. गोड, साधं, सोज्ज्वळ गाणं. मला हे कौतुक पटत नाही. हवेली उतरवून तिथे वन रूम किचन बांधणाऱ्याला ‘काय टापटीप आहे हो’ म्हणावं, तसं ते वाटतं.

जरा मागे जाऊ. ज्योत्स्नाबाईंचा जन्म १९१४चा, गोव्यातल्या बांदोड्याचा. माहेरच्या त्या दुर्गा केळेकर. मुंबईत गाणं शिकल्या आणि संगीतकार केशवराव भोळ्यांशी लग्न झालं. १ जुलै १९३३ला ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं, तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते केलं होतं. लग्न ठरलेली मुलगी भावी नवऱ्याचा भूतकाळ कळल्यावर विचारते, शुद्धतेची अट फक्त मलाच का? ही बिंबाची भूमिका ज्योत्स्नाबाईंची.

तेव्हा पंचेचाळिशीतले बालगंधर्व अजून नायिका रंगवत होते आणि वन्समोअरवर वन्समोअर घेत पदं लांबत होती. बायका रंगमंचावर आल्याच नव्हत्या असं नाही. हिराबाई बडोदेकर त्याआधीच स्वतःची नाटक मंडळी काढून उभ्या राहिल्या होत्या. पण तिथेही प्रेक्षक मुख्यतः गाणं ऐकायलाच यायचा. ‘आंधळ्यांची शाळा’त मोजकीच गाणी होती, आणि तीही भावगीताच्या अंगाची. म्हणजे गाणारी बाई बोलता बोलता गायची आणि गाणं संपलं की पुन्हा बोलायची. मैफल थांबवून नाटक सुरू, नाटक थांबवून मैफल सुरू, हा प्रकार बंद.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. लांब पदात गायकाला स्वतःला सावरायला वेळ असतो. एखादी तान फसली तर पुढची आहे. तीन मिनिटांत तशी सोय नाही. आलाप गळ्यात आहे, पण तो दोन शब्दांच्या मधल्या फटीतच बसवायचा. आणि प्रेक्षकाला गायिका नाही, ती मुलगीच दिसायला हवी. ज्योत्स्नाबाईंच्या रेकॉर्डमध्ये मला हा संयम ऐकू येतो. ओळीच्या शेवटी स्वर लांबवायचा मोह होतोय, आणि त्या तो सोडून देतात. मास्टर कृष्णराव भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीत वाढलेले. अशा माणसाने दिलेल्या चालीत सोडून द्यायला काय काय असेल! साधेपणा नव्हे, हा हिशेब आहे.

आता माझी तक्रार. ‘कुलवधू’तली भानुमती सिनेमात काम करते, कमावते, आणि नवऱ्याला तिची प्रसिद्धी सोसत नाही. इब्सेनच्या नोराची सावली स्पष्ट आहे. पण शेवटी ती नवऱ्याला सोडून निघाली तरी कुलवधूपण सोडत नाही. मला हा शेवट घाबरट वाटतो. १९३३ला जी मुलगी सरळ प्रश्न विचारत होती, तिला नऊ वर्षांनी एवढं सांभाळून घ्यावं लागलं? रांगणेकरांना नाटक चालवायचं होतं, आणि ते तुफान चाललंही. कदाचित त्या गोड गाण्यांमुळेच तो शेवट गळ्याखाली उतरला असेल. ज्योत्स्नाबाईंच्या आवाजाची ही दुसरी बाजू आहे, आणि चाहते तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत.

हे लिहिताना एक अडचण सतत टोचते. मी त्यांचा अभिनय पाहिलेला नाही. आवाज उरला, बाकी हात, डोळे, ते गाण्यातून संवादात परत येणं, सगळं गेलं. आणि माझा सगळा मुद्दा तर त्या परत येण्याबद्दलच आहे. रेकॉर्डवर गाणं संपतं आणि खरखर सुरू होते. तिथे भानुमतीचं पुढचं वाक्य असायला हवं.

पुढे त्यांनी बरंच केलं. मामा वरेरकरांच्या ‘भूमिकन्या सीता’त काम केलं, ‘आराधना’ हे नाटक स्वतः लिहिलं. २००१ला त्या गेल्या. ‘आराधना’बद्दल मात्र कुणी फारसं लिहिताना दिसत नाही. गायिकेने नाटक लिहिलं की तो तिचा छंद ठरतो, गद्य नटाने लिहिलं असतं तर एव्हाना कुणीतरी पीएचडी केली असती.

गेल्या महिन्यात हिराबागेत एक प्रयोग पाहिला. दोन पात्रं, एक टेबल, गाणी नाहीत. मध्येच नायिका कपडे वाळत घालताना काहीतरी गुणगुणली, जेमतेम दहा सेकंद, आणि पुढच्या संवादाला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.