राखीव जागा आणि ‘स्त्री’ या पदाची व्याप्ती : तीन निवाड्यांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक या गावच्या ग्रामपंचायत निवडणुकीसाठी डिसेंबर २०२० मध्ये अंजली गुरू संजना जान यांनी सर्वसाधारण स्त्रियांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून उमेदवारी अर्ज दाखल केला. अर्जातील लिंगाच्या रकान्यात त्यांनी ‘स्त्री’ असे नमूद केले होते. छाननीच्या वेळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने हा अर्ज फेटाळला. अर्जदार तृतीयपंथी आहे आणि तृतीयपंथीयांसाठी या निवडणुकीत आरक्षण नाही, असे त्याचे कारण होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी हा निर्णय रद्द ठरविला. अंजली यांनी निवडणूक लढविली आणि त्या निवडूनही आल्या.

स्त्रियांचे हक्क आणि पारलिंगी व्यक्तींचे हक्क यांच्यात संघर्ष आहे काय, हा प्रश्न आपल्याकडील चर्चासत्रांतून अलीकडे वारंवार ऐकू येतो. मात्र त्याची मांडणी बहुधा इंग्लंड-अमेरिकेतून आयात केलेली असते. प्रसाधनगृहे, तुरुंग, क्रीडास्पर्धा ही उदाहरणे तिकडची. जेनिस रेमंड यांच्या १९७९ च्या ‘द ट्रान्ससेक्शुअल एम्पायर’ या ग्रंथापासूनचा वादही तिकडचा. आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयासमोर प्रथम ठळकपणे आला तो राखीव जागेच्या रूपाने, आणि तोही ग्रामपंचायत व नगरपालिका यांसारख्या संस्थांच्या निवडणुकीत. ज्या ब्रिटिश निवाड्याची आज सर्वाधिक चर्चा होते, त्याचे मूळही राखीव प्रतिनिधित्वातच आहे, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात कटनी, भादली आणि लंडन येथील प्रकरणे एकत्र वाचण्याचा प्रयत्न केला आहे. प्रस्तुत लेखिका कायद्याची नव्हे, साहित्याची अभ्यासक आहे. त्यामुळे हे वाचन निवाड्यांतील ‘स्त्री’ या शब्दाचे आहे.

कटनी ते लंडन

मध्य प्रदेशातील कटनीचे महापौरपद स्त्रियांसाठी राखीव असताना १९९९-२००० च्या निवडणुकीत कमला जान या हिजडा समाजातील उमेदवार विजयी झाल्या. त्यांच्या निवडीला आव्हान देण्यात आले. कनिष्ठ न्यायालयाने २००२ मध्ये निवड रद्द केली आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कायद्याच्या दृष्टीने त्या पुरुष आहेत, सबब स्त्रियांच्या जागेवर त्यांचा अधिकार नाही, असा या निर्णयांचा आशय होता. कटनीच्या मतदारांनी ज्यांना महापौर म्हणून पसंत केले, त्यांना कायद्याने पुरुष ठरवून घरी पाठविले. ज्या व्यक्तीला कोणताही पुरुष आपल्या पंक्तीला बसवून घेत नाही, तिला पुरुषत्व बहाल करण्याची ही एकच वेळ असावी.

या दोन भारतीय प्रकरणांच्या मध्ये उभा आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा ‘नालसा’ निवाडा. १९७० च्या ‘कॉर्बेट’ या इंग्रजी खटल्यात गुणसूत्रे, जननग्रंथी आणि बाह्य अवयव या आधारे लिंग ठरविण्याची जैविक कसोटी रूढ झाली होती. ‘नालसा’ने ती नाकारून व्यक्तीच्या मानसिक जाणिवेला प्राधान्य दिले. हिजडा समाजाला तृतीय लिंग म्हणून मान्यता देतानाच पारलिंगी व्यक्तीला स्त्री, पुरुष किंवा तृतीय लिंग यांपैकी आपली ओळख स्वतः ठरविण्याचा हक्कही या निवाड्याने मान्य केला. येथे दोन दावे एका वेळी मान्य झाले आहेत हे ध्यानात घ्यावयास हवे. पहिला दावा ‘आम्ही स्त्रीही नाही, पुरुषही नाही’ असा, तर दुसरा ‘मी स्त्री आहे’ असा. या खटल्यात हस्तक्षेप करणाऱ्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या २०१२ मधील मराठी आत्मकथनाचे शीर्षक ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ असे आहे. शीर्षकातला उच्चार ‘हिजडा’ या नावाचा आहे, ‘स्त्री’ या नावाचा नव्हे. भादलीच्या उमेदवाराने मात्र दुसऱ्या दाव्याचा आधार घेतला. निवडणूक अधिकाऱ्याचा घोटाळा नेमका येथेच झाला. त्याने उमेदवाराचा दुसरा दावा वाचला आणि उत्तर पहिल्या दाव्याला दिले.

आता लंडन. स्कॉटलंडच्या संसदेने २०१८ मध्ये सार्वजनिक मंडळांच्या अकार्यकारी सदस्यांत ५० टक्के स्त्रिया असाव्यात असे उद्दिष्ट ठरविणारा कायदा केला. या गणनेत पारलिंगी स्त्रिया मोजाव्यात की नाही, यावरून ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ ही संघटना न्यायालयात गेली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी एकमताने निर्णय दिला, की २०१० च्या समता कायद्यातील ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्री. २००४ च्या कायद्याखाली लिंगबदलाचे प्रमाणपत्र मिळाले असले तरी या कायद्यापुरता त्याने फरक पडत नाही. पारलिंगी व्यक्तींना भेदभावाविरुद्धचे स्वतंत्र संरक्षण कायम आहे, हेही न्यायालयाने सांगितले आणि हा एका गटाचा दुसऱ्यावरील विजय मानू नये अशी सूचनाही केली. पारलिंगी व्यक्तींनी प्रत्यक्ष म्हणणे मांडू द्यावे म्हणून केलेली विनंती मात्र या सुनावणीत मान्य झाली नव्हती.

या निवाड्याचा मुख्य युक्तिवाद वजनदार आहे व तो उपहासाने झटकून टाकण्यासारखा नाही. गर्भारपण व प्रसूती यांविषयीची कलमे शरीराशिवाय वाचताच येत नाहीत. एकाच कायद्यात ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ कलमागणिक बदलू लागला तर कायदा चालविणे अशक्य होईल, असे न्यायालय म्हणते. परंतु प्रसूती रजा मागताना गर्भाशयाचा संबंध जितका थेट असतो, तितका तो मंडळाच्या बैठकीत मत देताना असतो काय? शब्दाच्या एकरूपतेसाठी तरतुदीच्या हेतूचा बळी द्यावा लागत असेल, तर तो मोबदला थोडा नव्हे.

आरक्षण कशावरचा उपाय?

म्हणून मुळातला प्रश्न ‘स्त्री कोण’ हा नसून ‘स्त्रियांची राखीव जागा कशासाठी’ हा आहे. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) स्थानिक संस्थांत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्के केले. हा काही शारीरिक दुर्बलतेवरचा उपाय नव्हे. गावच्या चावडीवर बाईने बसू नये, या रूढ व्यवस्थेवरचा तो उपाय आहे. ही व्यवस्था ज्यांना ज्यांना बाहेर ठेवते, त्यांत साडी नेसून राहणारी, बापाच्या घरातून हाकललेली, वारशाला मुकलेली पारलिंगी व्यक्ती येते की नाही? येते, असेच उत्तर द्यावे लागेल.

तथापि येथे थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुलगी म्हणून वाढण्याचा अनुभव वेगळा आहे. शाळा सुटणे, पाळी, कोवळ्या वयातील लग्न, बाळंतपणे, मोबदला नसलेले घरकाम यांतून ज्या गरजा निर्माण होतात, त्या ग्रामसभेत मांडणारी व्यक्ती हवी ही अपेक्षा रास्त आहे, आणि तिच्यामागे द्वेष आहे असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे. पारलिंगी हक्कांच्या काही समर्थकांनी अशा प्रत्येक शंकेला द्वेष ठरविण्याची जी सवय लावून घेतली आहे, तिने त्यांच्याच पक्षाचे नुकसान केले आहे असे प्रस्तुत लेखिकेला वाटते. जागा एक आहे आणि दावेदार दोन आहेत, हे वास्तव शब्दच्छलाने नाहीसे होत नाही.

पण ‘स्त्रीचा अनुभव’ तरी एकसंध कोठे आहे? शर्मिला रेगे यांनी १९९८ मधील आपल्या प्रसिद्ध लेखात दाखवून दिले, की स्त्रीचळवळीने ‘स्त्री’ म्हणताना सवर्ण स्त्रीच डोळ्यांपुढे ठेवली, तर दलित चळवळीने ‘दलित’ म्हणताना पुरुषच गृहीत धरला. दलित स्त्रिया वेगळे बोलू लागल्या तेव्हा चळवळ फुटेल अशी भीती तेव्हाही व्यक्त झाली होती. दोन प्रसंग एकसारखे नाहीत. दलित स्त्रीच्या स्त्रीपणावर कोणी शंका घेतली नव्हती. तरीही ‘आमचा अनुभव हाच स्त्रीचा अनुभव’ या विधानापाशी थबकावे, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो.

आणि दारावर पहारा बसला की तपासणी कोणाची होते? २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर धावण्यात रौप्यपदक मिळविणाऱ्या तमिळनाडूच्या शांती सौंदराजन यांचे पदक लिंगचाचणीनंतर काढून घेण्यात आले. द्युती चंद यांना २०१४ मध्ये स्पर्धेबाहेर ठेवले गेले आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादाने संबंधित नियम स्थगित केल्यावरच त्यांचा मार्ग मोकळा झाला. या दोघींपैकी कोणीही पारलिंगी नव्हती. दोघी मुली म्हणून जन्मल्या, मुली म्हणून वाढल्या, गरिबीतून आल्या. क्रीडाक्षेत्रात शरीराचा प्रश्न खरोखर गुंतागुंतीचा आहे आणि तेथील नियम ग्रामपंचायतीला लावता येणार नाहीत, तसेच ग्रामपंचायतीचे क्रीडांगणालाही लावता येणार नाहीत. मात्र ‘खरी स्त्री’ ओळखण्याच्या चाचणीचा भार प्रथम स्त्रियांवरच पडला, हा इतिहास आहे.

भादलीच्या निवाड्याविषयी

भादलीच्या निवाड्याचा निकाल प्रस्तुत लेखिकेला मान्य आहे. त्यातील एक गोष्ट मात्र खटकते. संधिसाधूपणाने आपण पुढे पुरुष लिंगाकडे वळणार नाही, अशी ग्वाही याचिकाकर्तीच्या वतीने देण्यात आली आणि न्यायालयाने ती नोंदवून घेतली. यामागची चिंता समजण्याजोगी आहे. वर्गात हा निवाडा शिकविताना एका विद्यार्थिनीने नेमके हेच विचारले होते, ‘मॅडम, उद्या कुणीही पुरुष उठून अर्ज भरेल ना?’ प्रश्न भाबडा नव्हता. राखीव जागा कशा पळविल्या जातात हे तिने गावात पाहिले होते. तिला उत्तर देताना मला सरपंचपतींची आठवण झाली. स्त्रियांच्या राखीव जागेवर डल्ला मारणारा पुरुष आपल्याकडे उदंड आहे, परंतु त्यासाठी त्याला साडी नेसावी लागत नाही. बायकोचे नाव पुरते. तो ग्रामपंचायतीच्या कार्यालयात खुर्ची ओढून बसतो, ग्रामसेवकाला आदेश देतो, आणि बाई सही करण्यापुरती बोलावली जाते. माझा कारभार मीच पाहीन, अशी ग्वाही मात्र कोणत्याही न्यायालयाने कोणत्याही स्त्री उमेदवाराकडून, किंबहुना तिच्या पतीकडून, मागितल्याचे प्रस्तुत लेखिकेच्या वाचनात नाही. संशय फक्त पारलिंगी उमेदवारावर येतो. शिवाय, लिंग लबाडीने बदलून या समाजात नेमके काय पदरात पडते, हेही विचारले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरातून ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. ही संख्या अपुरी आहे असे अनेक अभ्यासक मानतात आणि त्याचे कारण सरळ आहे. तो रकाना भरणे हेच धोक्याचे आहे.

हक्कांची खरी विषमता अन्यत्र आहे आणि तिचा जागेच्या वाटपाशी संबंध नाही. पारलिंगी व्यक्तींच्या संरक्षणासाठी म्हणून २०१९ मध्ये जो कायदा संमत झाला, त्याच्या १८ व्या कलमात लैंगिक अत्याचारासाठी ६ महिने ते २ वर्षे एवढी शिक्षा ठेवली होती. स्त्रीवरील बलात्काराला तेव्हाच्या दंडसंहितेत किमान १० वर्षांची शिक्षा होती. जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराची व्याख्या पुरुषाने स्त्रीवर केलेल्या कृत्यापुरतीच राहिली आणि जुन्या ३७७ व्या कलमासारखी कोणतीही तरतूद तीत ठेवली गेली नाही. पारलिंगी व्यक्तीवरील अत्याचाराला स्वस्त ठरवून स्त्रीला काय मिळाले? काहीच नाही. येथे एकाचे काढून दुसऱ्याला दिलेले नाही, नुसतेच नाकारले आहे. याउलट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियमांनी मुख्यतः स्त्रियांचा विचार करतानाच तृतीय लिंगाच्या विद्यार्थ्यांनाही छळाचा धोका असतो हे स्पष्टपणे मान्य केले आहे. त्यामुळे महाविद्यालयातील एकाही विद्यार्थिनीचे संरक्षण उणे झालेले नाही.

भाषेच्या अभ्यासकाला या साऱ्यात आणखी एक गोष्ट दिसते. इंग्रजीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ असा भेद नाही. मराठीत प्रथमपुरुषी भूतकाळ उच्चारताच बोलणाऱ्याचे लिंग ठरते. मराठीत आत्मकथन करणाऱ्या पारलिंगी व्यक्तीला ही निवड एकदा, दंडाधिकाऱ्यापुढे करून भागत नाही. ती वाक्यावाक्याला करावी लागते. ‘तृतीयपंथी’ हा आपला रूढ शब्दही या व्यक्तींना लिंगात नव्हे, तर पंथात टाकतो. ‘पारलिंगी’ हा नवा शब्द अजून चावडीपर्यंत पोहोचलेला नाही. निवडणूक अधिकाऱ्याला अर्जावरील ‘स्त्री’ हा शब्द वाचता आला नाही, यात त्या भाषेचाही काही वाटा असावा.

सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. या दुरुस्तीत ‘स्त्री’ या पदाची व्याख्या केलेली नाही. ही तरतूद प्रत्यक्षात येईल तेव्हा भादलीतील छाननीचा प्रसंग एखाद्या मोठ्या मतदारसंघात पुन्हा घडेल. त्या दिवशी अधिकाऱ्याच्या मेजावर कटनीचा निर्णय असेल, भादलीचा असेल, की लंडनचा, हे स्त्रीचळवळ आणि पारलिंगी समाज यांनी तोपर्यंत एकमेकांशी काय बोलणे केले आहे यावर पुष्कळसे अवलंबून राहील. मुंबईत २००५ च्या डान्सबार बंदीविरुद्ध बारबालांबरोबर लक्ष्मी उभ्या होत्या आणि स्त्रीसंघटनाच आपसांत दुभंगल्या होत्या. तेव्हा ‘स्त्री विरुद्ध पारलिंगी’ अशी रेघ कोणी ओढली नव्हती.