साहाय्य करणाऱ्यांचीं नांवें

‘मदतनीस’ हा शब्द आपण नित्य वापरतों. पण त्याच्या शेवटाकडे फारसें कोणी पाहत नाहीं. फडणीस, चिटणीस, पोतनीस या मंडळींत आढळणारा ‘नीस’ हा फारसीतील ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. चिटणीस पत्रें लिही, फडणीस हिशेब लिही. मदतनीस काय लिहितो? कांहींच नाहीं. लेखणीवाल्याच्या हातीं सत्ता होती म्हणून त्याचें उपपद मानाचें झालें. पुढें तेंच उपपद लेखणी नसलेल्या माणसास चिकटलें, आणि चिकटतांना त्यांतील मान तेवढा वाटेंत गळाला.

उलट प्रवासही आढळतो. शिवाजीमहाराजांच्या अष्टप्रधानांत सुरनिसाचा ‘सचिव’ झाला, मुजुमदाराचा ‘अमात्य’ झाला. आज मंत्रालयांत सचिवाच्या दालनाबाहेर आपण तिष्ठत उभे राहतों. परंतु संस्कृतांत सचिव म्हणजे मूळचा सोबती, आणि अमात्य म्हणजे एका घरांत राहणारा. इंग्रजींतील ‘मिनिस्टर’ शब्दाचा लॅटिन मूळार्थ तर सरळ चाकर असाच आहे. धन्याजवळ राहणाऱ्याचें नांव धन्याबरोबर वर चढतें, असा नियम यावरून कोणी काढील. पण मग हुजऱ्याचें काय? तो तर अगदीं हुजुरांतला, आणि ‘हुजरेगिरी’ ही आज शिवी आहे. शिपाई मूळचा सैनिक. तो कचेरीच्या दाराशीं स्टुलावर येऊन बसला. तेव्हां जवळीक पुरत नाहीं. सल्ला देणारा चढतो, तांब्या देणारा उतरतो.

एकाच शब्दाला दोन दैवें असल्याचेंही दिसतें. मैफलीच्या वृत्तांतांत ‘साथीदारांनीं रंग भरला’ असें आपण वाचतों, आणि पान उलटतांच दरोडेखोराचा साथीदार फरारी झालेला असतो. कोणाचा ‘उजवा हात’ असणें हें भूषण. ‘हस्तक’ असणें ही बदनामी. हात मात्र तोच. ‘गडी’ या शब्दाविषयीं आम्हांस विशेष माया वाटते. शेतावर राबणारा तो गडी, आणि खेळांत आपल्या बाजूस असणाराही गडीच. एवढा मोकळेपणा फार थोड्या शब्दांत असेल. त्याला घालवून ‘हेल्पर’ आणण्यांत आम्हीं काय कमावलें, हें आम्हांस तरी उमगत नाहीं.

पण खरी तक्रार पुढेंच आहे. सुशिक्षित घरांतून ‘मोलकरीण’ हा शब्द आतां हद्दपार होत आहे. तो ऐकावयास ओबडधोबड लागतो, म्हणून ‘मावशी’ म्हणावयाचें. इस्पितळांत मावशी, शाळेंत मावशी. कचेरींतला शिपाई ‘मामा’. हाक मारण्यास नातें बरें, यांत वाद नाहीं. आमच्या घरींही तीच रीत आहे. पण मोलकरीण या नांवांत एक गोष्ट स्पष्ट होती: ती मोलानें काम करते, तिचें मोल देणें लागतें. मावशीला मोल कसें मागतां येईल? मावशी आजारी पडली तर पगार कापावा कीं नाहीं, हा प्रश्न निघाला कीं नातें एकदम कोठें जातें, हें वाचकांनीं आपापल्या घरीं आठवून पाहावें. आमच्या महाविद्यालयांत एक मामा तीस वर्षें घंटा देत होते. त्यांच्या निरोपसमारंभाची पत्रिका छापावयाची वेळ आली, तेव्हां अध्यापकांच्या खोलींत बसलेल्या आम्हां सातआठ जणांपैकीं एकालाही त्यांचें आडनांव सांगतां येईना. आम्हीं सर्वांनीं त्यांना मामा म्हटलें होतें, आणि त्यावर समाधान मानलें होतें.

‘सेवक’ शब्दाचेंही असेंच झालें. गोखल्यांनीं 1905 सालीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हां ‘सेवक’ म्हणवून घेणारे लोक विद्वान होते आणि सेवा त्यांनीं आपखुषीनें पत्करिली होती. त्यागाचा तो सुगंध शब्दाला लागला. पुढें 1975 सालीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडींत ‘सेविका’ व ‘मदतनीस’ आल्या. 2005 नंतर आरोग्याच्या कामास ‘आशा स्वयंसेविका’ आल्या. आतां त्याग पत्करावयाचा कोणी, हें ठरविणारे निराळे होते. गोखल्यांच्या अनुयायांचा शब्द गांवच्या गरीब बाईस दिला, आणि त्याच्या जोडीला ‘वेतन’ न देतां ‘मानधन’ दिलें. मान शब्दांत भरपूर आहे. धन किती, तें त्या बायांच्या मोर्चांवरून कळतें. अंगणवाडींत नोंदवह्या सेविका भरते. मदतनीस मुलांना घरून बोलावून आणते, जागा झाडते, भांडीं घासते, खाऊ वाढते. नांवांतील ‘नीस’ येथेंही निरक्षरच राहिला आहे.

हे नुसते कोशकारांचे खेळ आहेत असें कोणास वाटेल. पण सेविका आणि मदतनीस यांस उपदान मिळावें कीं नाहीं, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि या बायांस मिळतें तें मानधन आहे, वेतन नव्हे, हा मुद्दा त्यांत मांडला गेला. 1972 च्या उपदान कायद्यापुरतें तें मानधन हें वेतनच होय, असा निर्णय न्यायालयानें एप्रिल 2022 मध्यें दिला. वर्तमानपत्रांनीं ती बातमी छापली. आणि त्यानंतरही अंगणवाडीच्या बातम्यांवर त्यांचा मथळा ‘मानधनवाढ’ असाच येत राहिला.